यंत्राची जबानी

'लॉग' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता, टेलिफोनही नव्हता. माझे मामू जहाजावर खलाशी होते. कोकणातल्या आमच्या कितीतरी घरांप्रमाणे आमच्याही घरचा एक माणूस वर्षाचे नऊ-दहा महिने पाण्यावर असे. सुट्टीवर आले की ओट्यावर बसून ते जहाजाच्या गोष्टी सांगत आणि आम्ही पोरे तोंड उघडे टाकून ऐकत असू. जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर एक जाड वही असते, तिला लॉगबुक म्हणतात. दर पाळीला वारा कुठला, वेग किती, दिशा कोणती, काय दिसले, काय बिघडले, सगळे तीत उतरवायचे. पूर्वी वेग मोजायला दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारीत आणि टोकाला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडीत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या, तो जहाजाचा वेग. त्या लाकडाला इंग्रजीत लॉग म्हणत, म्हणून वेगाचे आकडे लिहायची वहीसुद्धा लॉग. जहाजाचा वेग अजून 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात.

मामू म्हणत, "अपघात झाला की कप्तानाला नंतर विचारतात. आधी वही ताब्यात घेतात." आणि दुसरी एक गोष्ट ते नेहमी सांगत. जहाजावर वेळेचे दोन हिशेब असतात. एक, जहाज ज्या समुद्रात आहे तिथला. दुसरा ग्रिनीचचा, जो कधी बदलत नाही. "म्हणून वही वाचायची तर पहिलं विचारायचं, बाबा, ही वेळ कुठल्या घड्याळातली?"

मामूंचे हे वाक्य चाळीस वर्षांनी माझ्या कामी येईल असे तेव्हा कुणी सांगितले असते तर हसलो असतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. प्रयोगशाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर विद्यार्थ्यांनी लिनक्स बसवले, त्यांच्यामागोमाग मीही शिकलो. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही चालते, हे तिचे गुण सर्वांना माहीत आहेत. मला तिचे आकर्षण वाटले ते वेगळ्याच कारणाने. ही प्रणाली सतत लिहीत असते. यंत्र सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत कुठली तार जोडली गेली, कोण आत आले, कुठला कार्यक्रम सुरू झाला, कुठला कोलमडला, हे ओळीने टिपले जाते. आपल्याकडे दुकानदार रोजकीर्द लिहितात, तसेच. रोजकीर्दीत उधारी कोणाकडे किती हे एका जागी सापडत नाही, त्यासाठी खतावणी लागते. रोजकीर्द फक्त घडले त्या क्रमाने सांगते. लॉगचेही तेच. अर्थ आपण लावायचा.

या लिखाणाची रीत लिनक्सच्याही आधीची. बर्कले विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सेंडमेल नावाच्या टपाल-कार्यक्रमासाठी सिसलॉग तयार केला. पुढे इतर कार्यक्रमही त्याच वहीत लिहू लागले. प्रत्येक ओळीत आधी वेळ, मग यंत्राचे नाव, मग बोलणाऱ्याचे नाव आणि मग त्याचे म्हणणे. गंमत म्हणजे जुन्या पद्धतीच्या ओळीत महिना आणि तारीख असते, पण वर्षच नसते! शिवाय प्रत्येक म्हणण्याला शून्य ते सात असा गांभीर्याचा दर्जा असतो. शून्य म्हणजे आणीबाणी, तीन म्हणजे चूक, चार म्हणजे इशारा, सहा म्हणजे नुसती माहिती, सात म्हणजे कार्यक्रम लिहिणाऱ्याने स्वतःसाठी केलेली पुटपुट. अलीकडे सिस्टमडी आल्यापासून ही वही जर्नल या नव्या रूपात ठेवली जाते आणि 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा देऊन ती वाचता येते. फक्त आजची, फक्त चुकांची, मागच्या वेळी यंत्र सुरू झाले तेव्हाची, अशी हवी तेवढीच मागवता येते. ही हवी तेवढीच मागवण्याची सोय फार उपयोगाची आहे. तिचा धोकाही पुढे येईलच.

नवख्या माणसाने हे पान पाहिले तर घाबरायलाच होते. लिनक्सचा पडदा, खिडक्या, मेनू आज मराठीत मिळतात, पण गाभ्यातून येणारे संदेश इंग्रजीतच येतात, आणि तेही कसले इंग्रजी! अमुक 'किल' केले, तमुक 'चाइल्ड' मेले, 'ऑर्फन' साफ केले. ऑर्फन म्हणजे इथे अनाथ मूल नाही. कोणीतरी वापरत असतानाच पुसून टाकलेली आणि म्हणून यादीत नाव न उरलेली ती फाइल. पाठीमागे गुपचूप काम करणाऱ्या कार्यक्रमांना 'डीमन' म्हणतात. हे नाव मॅक्सवेलच्या प्रसिद्ध काल्पनिक प्रयोगातल्या दारवानावरून आले, पण हे न कळलेला माणूस आपल्या यंत्रात सैतान शिरले असेच समजणार. प्रिंटरने समजण्यासारखे काहीच सांगितले नाही, तर 'प्रिंटरला आग लागली आहे' अशा अर्थाचा संदेश देण्याची चाल युनिक्समधून लिनक्समध्येही आली आणि अनेक वर्षे राहिली. अशा ओळी रोज पाहणारा माणूस त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. सुरुवातीला मदरबोर्डच्या कारखानदाराने ठेवलेल्या त्रुटींबद्दल लाल अक्षरांत पाच-दहा ओळी येतात, यंत्र मात्र उत्तम चालते. उलट साध्या पांढऱ्या अक्षरांत, इतर शंभर ओळींच्या गर्दीत, एखादी ओळ येते आणि ती खरी बातमी असते.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला बसलो ते सांगतो.

आमच्या गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे. गाव कुठले, वाचनालय कुठले, हे सांगण्याची गरज नाही. २०१८ साली तिथे एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर लिनक्स होते आणि त्यात अकरा हजारांहून अधिक पुस्तकांची यादी भरलेली होती. मराठी टायपिंगचा जुना कार्यक्रम विंडोजवरच चालतो म्हणून कुणीतरी नंतर त्याच यंत्रावर विंडोजही घातले. सकाळी टायपिस्ट बाई विंडोजवर अहवाल, पत्रे करीत. संध्याकाळी एक मुलगा येई. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होता. दोन हजार रुपये महिन्यावर लिनक्स सुरू करून नवी पुस्तके यादीत चढवी, देवघेव पाही आणि रात्री आठला कुलूप लावून चावी घरी नेई.

१४ नोव्हेंबरला सकाळी यादी उघडेना. अर्ध्याहून अधिक नोंदी गायब, उरलेल्यांत अक्षरांचा चिखल. सेक्रेटरींनी बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावले. त्याने लॉग काढून दोन पाने छापून दिली आणि दोन ठिकाणी पेनने गोल केले. पहिल्या गोलात लिहिले होते की १४ नोव्हेंबरला, रात्री बारा वाजून अकरा मिनिटांनी हे यंत्र सुरू झाले. दुसऱ्या गोलात 'सेशन ओपन्ड फॉर यूजर रूट' अशा ओळी होत्या. रूट म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, ज्याला सगळी कुलपे उघडी.

चावी एकाकडेच. मध्यरात्री यंत्र सुरू. सर्वाधिकार घेऊन कोणी आत. सकाळी यादी खलास. आणखी काय हवे? मुलाकडून चावी काढून घेतली आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. मध्यरात्री वाचनालयात जाऊन त्याने काय केले असेल याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या दुपारपर्यंत गावात फिरत होत्या. नुसत्या पुस्तकांच्या यादीवर कोणी थांबले नव्हते. मुलाच्या वडिलांचे छोटे दुकान. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, "सर, पोरगा रात्री घरात झोपला होता. मी त्याच्या बाजूला झोपलो होतो. पण ते म्हणतात, कॉम्प्युटरमध्ये लिहिलंय."

कॉम्प्युटरमध्ये लिहिलंय. बापाच्या शब्दापुढे हे वाक्य ठेवले की बापाचा शब्द हलका पडतो, असा काळ आला आहे.

सेक्रेटरींनी अडवले नाही, हे त्यांच्याबद्दल नोंदवले पाहिजे. मी यंत्रासमोर बसलो तेव्हा त्यांनी ती दोन पाने माझ्यासमोर ठेवली. मला प्रथम जाणवले ते हे की पानावरच्या सगळ्या ओळी १४ तारखेच्याच होत्या. दुरुस्त करणाऱ्याने यंत्राला आज्ञा दिली होती की १४ तारखेच्या ओळी तेवढ्या दे. यंत्राने तेवढ्याच दिल्या. मी गाळणी न लावता, वही जशी लिहिली गेली त्याच क्रमाने उघडली.

मध्यरात्रीची ओळ तिथे होतीच. तिच्या आसपास चाळीस-पन्नास ओळी, सगळ्या बारा वाजून अकरा मिनिटांच्या. त्यांत एक ओळ यंत्रातल्या घड्याळाची होती. यंत्र बंद असतानाही छोट्या बॅटरीवर चालत राहते ते घड्याळ. तिचा अर्थ असा की 'घड्याळात १३ नोव्हेंबर, १८ वाजून ४१ मिनिटे, यूटीसी दिसले, ते मी लावून घेतले.' यूटीसी म्हणजे आजच्या भाषेत ग्रिनीचची वेळ. त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते, म्हणजे १४ तारखेला रात्री बारा अकरा. हिशेब बरोबर होता. त्यानंतर काही सेकंदांतच दुसरी ओळ, की इंटरनेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरशी जुळवणी झाली. मग 'वेळ बदलली आहे' अशा अर्थाची ओळ. आणि त्याच्या पुढच्या ओळीवर तारीख १३ नोव्हेंबर, वेळ १८ वाजून ४१ मिनिटे!

वही पुढे चालली होती आणि वेळ साडेपाच तास मागे गेली होती. त्या पुढच्या ओळी १३ तारखेच्या, म्हणून छापील पानावर आल्याच नव्हत्या.

मामूंचे वाक्य मला तिथे आठवले. कुठल्या घड्याळातली वेळ? लिनक्सची समजूत अशी की यंत्रातले घड्याळ ग्रिनीचवर लावलेले असते. विंडोज समजते की ते स्थानिक वेळेवर असते. दोन्ही एकाच यंत्रावर नांदली की घड्याळाची ओढाताण होते. विंडोजने स्थानिक वेळ लावून ठेवली असेल तर लिनक्स उठल्यावर ती ग्रिनीचची समजून साडेपाच तास पुढे उडी मारते आणि इंटरनेट मिळाल्यावर ताळ्यावर येते. मग ती त्या घड्याळात ग्रिनीचची वेळ लिहून ठेवते, आणि पुढच्या वेळी विंडोज साडेपाच तास मागे पडते. मी टायपिस्ट बाईंना विचारले, "तुमच्या खिडकीतलं घड्याळ बरोबर चालतं का हो?" त्या चिडूनच म्हणाल्या, "मेलं रोज साडेपाच तास मागं! रोज सकाळी हातानं पुढं करते. दोनदा सांगितलं, कोणी ऐकेल तर ना."

मागची वही उलटली तर ज्या दिवशी बाईंनी सकाळी टायपिंग केले त्या प्रत्येक संध्याकाळी मुलाच्या नावावर एक मध्यरात्र जमा झाली होती. ज्या दिवशी बाई रजेवर, त्या दिवशी नाही. १३ तारखेला तो आला होता मगरिबनंतर, पावणेसातच्या सुमारास, रोजच्यासारखा.

राहिला रूट. त्या ओळी दर तासाला होत्या आणि सगळ्या सतरा मिनिटांवर. अकरा सतरा, बारा सतरा, एक सतरा. माणूस इतका वक्तशीर नसतो. डेबियन आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटूसारख्या आवृत्त्यांत दर तासाची ठरलेली कामे सतराव्या मिनिटाला सुरू होतात, तसे त्यांच्या वेळापत्रकातच लिहिलेले असते. ते काम करणारा क्रॉन हा गडी रूटच्या नावाने आत येतो, दोन सेकंदांत बाहेर पडतो आणि दोन्ही नोंदी करतो. ओळीत बोलणाऱ्याचे नाव 'क्रॉन' असे स्वच्छ लिहिलेले होते. पेनचा गोल त्याला वगळून काढला होता.

मग यादी गेली कशी? याचे उत्तर वहीत तीन आठवडे आधीपासून होते. हार्ड डिस्कची प्रकृती पाहणारा एक कार्यक्रम त्या यंत्रावर होता. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून तो दर अर्ध्या तासाने लिहीत होता की डिस्कवरचे आठ भाग वाचता येत नाहीत. मग चोवीस. मग शंभराच्या पुढे. गाभ्याकडूनही अधूनमधून ओळ येई, अमुक जागी वाचन-लेखन चूक. पडद्यावर काहीच येत नसे. आणि १३ तारखेची वही ७ वाजून ५२ मिनिटांनी थांबली होती. यंत्र नीट बंद केले तर तसे लिहिते, एकेक सेवा आवरल्याच्या ओळी येतात, शेवटी वही लिहिणाराही आपण थांबत असल्याचे लिहितो. इथे तसले काही नव्हते. एका ओळीनंतर पुढची ओळ थेट दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची, आणि तिच्याखाली फाइलव्यवस्था सावरल्याची, मागची वही नीट मिटली नव्हती म्हणून बाजूला ठेवल्याची नोंद. मुलाने पहिल्याच दिवशी सांगितले होते की दिवे गेले, यूपीएसने दम धरला नाही, मशीन बंद पडली, मी कुलूप लावून गेलो. दिवे तर रोजच जातात, असे उत्तर त्याला मिळाले होते. यूपीएसची बॅटरी संपलेली होती. मरायला टेकलेली डिस्क आणि यादी लिहिली जात असताना गेलेली वीज.

कमिटीच्या बैठकीत मी सगळी पाने क्रमाने टेबलावर मांडली. सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे यंत्र खोटं बोललं?"

"नाही साहेब. ज्याला जेवढं विचारलं तेवढं त्याने सांगितलं."

एक वयस्क सभासद कोर्टात कारकून म्हणून निवृत्त झाले होते. ते इतका वेळ गप्प होते. त्यांनी ती गोल केलेली दोन पाने उचलली आणि एवढेच विचारले, "ही काढली कुणी, कशी काढली, त्याची सही कुठाय?" त्यांचा प्रश्न जुन्या वळणाचा वाटेल, पण कायदाही तोच विचारतो. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा कायद्यात कलम ६५-ब आणले. यंत्रातून काढलेल्या नोंदीसोबत ती कशी व कुठल्या यंत्रातून काढली याचे प्रमाणपत्र हवे, असे त्यात होते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद असाच होता. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले की नंतर, हे कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावरून ठरवायचे होते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात हे प्रमाणपत्र आवश्यकच ठरवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि तीच तरतूद कलम ६३ मध्ये आली. एवढी काळजी कोर्टात घेतात. गावात मात्र पेनचा एक गोल पुरतो, हे मला त्या आठवड्यात दिसले.

घड्याळाचा इलाज एका आज्ञेचा होता. लिनक्सला सांगितले की यंत्रातले घड्याळ स्थानिक वेळेवर आहे असे समज. दोन दिवसांनी बाईंनी विचारले, घड्याळ कोणी दुरुस्त केले म्हणून. नवी डिस्क आली, यूपीएसला बॅटरी आली. जुन्या डिस्कवरून सुमारे सात हजार नोंदी परत मिळाल्या. बाकीच्या चार हजार दाखल रजिस्टरवरून पुन्हा भरायच्या होत्या. रजिस्टर कागदाचे, म्हणून शाबूत.

सेक्रेटरींनी माफी मागितली नाही. त्यांनी मुलाला बोलावले, चावी टेबलावर त्याच्यासमोर सरकवली आणि म्हणाले, "उद्यापासून ये." मुलगा म्हणाला, "येतो सर. चावी नको." ते थोडे थांबले आणि चावी ड्रॉवरमध्ये टाकली.

तो आला. पुढच्या रमजानपर्यंत, म्हणजे २०१९ च्या मेपर्यंत, आम्ही दोघांनी मिळून त्या चार हजार नोंदी भरल्या. तो रजिस्टर वाचे, मी टाइप करी, कधी उलट. लॉग कसा वाचायचा हे त्याने माझ्याकडून शिकून घेतले आणि रोज आल्या आल्या डिस्कची ओळ तो आधी पाही. कामात त्याने कधी कुचराई केली नाही. फक्त दुपारी तीनला येई आणि हातातले पान अर्धे असले तरी दिवे लागायच्या आत, हॉलमध्ये चार माणसे बसलेली असतानाच, उठून घरी जाई.